डाव्या हाताला काय दिसतंय?

"तुझ्या डाव्या हाताला काय दिसतंय, तेवढं सांग."

चाकणच्या आमच्या कंपनीत साहेब स्टोअर्स सांभाळायचे. माल घेऊन येणारा टेम्पोवाला फोनवर "आलोच साहेब, पाच मिनिटं" म्हणाला, की ते चिडायचे नाहीत. फक्त हा प्रश्न विचारायचे. माणूस वेळेबद्दल बिनदिक्कत खोटं बोलतो, पण डावीकडची पाटी वाचताना त्याला थाप सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं. उत्तर ऐकलं की घड्याळाकडं बघून सांगायचे, "पस्तीस मिनिटं." टेम्पो तेवढ्याच वेळात दारात.

त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली आणि वर दिघीत फ्लॅटही त्यांच्याच मजल्यावर घेतला. तुम्ही म्हणाल, हौस दांडगी! ते निवृत्त झाल्यावर सोसायटीतली सगळी ऑनलाइन पार्सलं त्यांच्या गळ्यात पडली. ॲप आधी 'आज' म्हणायचं, मग 'उद्या', मग 'आपण घरी नव्हता'. लोक आपला फोन सरळ साहेबांच्या हातात द्यायचे.

कंपनीचं आणखी एक खूळ त्यांनी घरी आणलं होतं. साठा करायचा नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. काकूंनी साखरेची दुसरी पिशवी आणली तरी म्हणायचे, "साठा म्हणजे आळस."

"मी काय तुमच्या कंपनीतली लाइन आहे, माल संपला की बंद पडायला?" काकू हसायच्या.

काकूंना फिट यायची. डॉक्टरांनी दिलेली नवी गोळी आमच्या भागात मिळत नव्हती, ऑनलाइनच मागवावी लागायची. रोज सकाळी एक, एकही चुकवायची नाही, अशी ताकीद होती. साहेब तीन गोळ्या उरल्या की मागवायचे. ॲप दोन दिवस म्हणायचं आणि सुरुवातीला तसं घडलंही.

एकदा मात्र 'आज'चा 'उद्या' झाला, त्या 'उद्या'चा परत 'उद्या'. सकाळची गोळी चुकली. मी दिघी-भोसरीतली औषधाची दुकानं पालथी घालून रिकाम्या हातानं आलो. काकू मेथी निवडत होत्या आणि साहेब समोर बसून त्यांच्या बोटांकडं बघत होते. मला बघून ते हळूच म्हणाले, "चूक माझी आहे रे." साहेबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी चारला डिलिव्हरीवाल्यानं एकदाचा फोन उचलला. "काका, पाच मिनिटं."

"डाव्या हाताला काय दिसतंय?"

"खरं सांगू का काका? कासारवाडी स्टेशन हाय. अजून चाळीस पार्सलं वाटायचीत."

"तिथंच थांब, बाबा. आमचा माणूस येतो."

मी स्कूटर काढली. त्या भल्या माणसानं पार्सल हातात ठेवलं. परत येताना भोसरीच्या पुलाखाली गाड्या तुंबलेल्या. फोन वाजला. साहेबांचा आवाज ओळखू येईना.

"कुठं आहेस? हिचा हात उडायला लागलाय."

"आलोच साहेब, पाच मिनिटं."

"डाव्या हाताला काय दिसतंय?"

माझ्या डाव्या हाताला भोसरीच्या पुलाचा खांब होता. त्यांना धीर यावा, एवढंच माझ्या मनात आलं. मी घराजवळचं ठिकाण सांगितलं, "मॅगझिन चौक."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला पोचायला वीस मिनिटं लागली. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. पडताना ओट्याची कड डोक्याला लागली होती. साहेब त्यांच्या डोक्याला टॉवेल दाबून बसले होते.

"ॲम्ब्युलन्स आत्ता बोलावली," ते म्हणाले. "तू मॅगझिन चौकात होतास ना, म्हणून थांबलो."

काकू वाचल्या, पण उजवा हात लुळा पडला तो पडलाच. साहेब मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढं दोघं मुलीकडे नाशिकला राहायला गेले. ज्या दिवशी निघाले, त्या दिवशी मला कंपनीतून सुटायला उशीर झाला. वाटेतून फोन केला. "साहेब, निघू नका. आलोच, पाच मिनिटं."

मी फोन कानाला धरून त्या प्रश्नाची वाट बघत राहिलो.

"बरं," ते म्हणाले.

पोचलो तेव्हा त्यांची गाडी निघून गेली होती. फोन केला तेव्हा माझ्या डाव्या हाताला खरोखरच मॅगझिन चौक होता. त्यांनी विचारलंच नाही.