आपांच्या भरवशावर

रझिया आपा एसटीत एकदम चढायच्या नाहीत. एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर. शेवटची पोरगी आत बसेपर्यंत तो जमिनीवरचा पाय उचलायचा नाही. एकदा ड्रायव्हरनं चिडून गाडी रेटली, तर गाडीच वीतभर मागं सरकली. खोटं कशाला सांगू, मी मागच्या बाकावरच होतो.

आमचं गाव धारूरच्या घाटाखाली. उर्दू शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर घाट चढून धारूर, तेही मराठीतून. पोरं जायची, पोरी घरी बसायच्या. आपा त्याच शाळेतून रिटायर झाल्या अन् दारोदार हिंडू लागल्या. गल्लीतले निम्मे बाप त्यांच्याच हातचा मार खाल्लेले. आपा दारात दिसल्या की चाळिशीतले गडी तळहात पाठीमागं लपवायचे. वेल्डिंगवाले युनूसभाई तेवढे पोरीला, तबस्सुमला, धाडायला अडले.

"आपा, जमाना लई खराब हाय."

"कावून रे? तबस्सुम काय मटणाची पिशवी हाय, कुत्रं पळवंल?"

"तसं न्हाई. पण एकटी पोरगी..."

"एकटी कावून? मी जाते संगं."

अन् खरंच गेल्या. रोज. पोरी वर्गात, आपा गेटबाहेर लिंबाखाली, मांडीवर निवडायचे तांदूळ. वॉचमन म्हणायचा, "आपा, पोरी येतील की आपल्या आपण." आपा म्हणायच्या, "ते तुला कळतंय बाबा. त्यांच्या बापाला कळू दे."

सुरुवातीला तबस्सुम 'प्रकाशसंश्लेषण' शब्दाला अडखळून रडली. "एवढा मोठा घास एकदम कावून घेतीस? तोडून खा," म्हणत आपांनी तो शब्द तिच्याकडून इतका म्हणवून घेतला, की वरच्या लिंबाला भर शिशिरात पालवी फुटली. बारावीत तबस्सुम वर्गात पहिली येऊ लागली. डॉक्टर व्हायचं म्हणू लागली. युनूसभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची डॉक्टरीण!"

परीक्षा तोंडावर आली अन् एका पहाटे आपा फजरच्या नमाजाला उठल्याच नाहीत. जनाजा असा, की पुढची माणसं कब्रस्तानात पोचली तरी मागची अजून घरातून निघत होती. हे मात्र वाढवून सांगत नाही.

चौथ्या दिवशी तबस्सुम दप्तर घेऊन स्टॅंडवर आली. युनूसभाई मागोमाग धावत आले.

"बेटा, आपा न्हाईत आता."

"कॉलेज तर हाय ना, अब्बा?"

"कुणाच्या भरवशावर धाडू?"

"माझ्या."

आम्ही समजत होतो, गाव सुधारलं. गावानं पोरींवर कधी भरवसा टाकलाच नव्हता; आपांवर टाकला होता, अन् तो त्यांच्याबरोबरच मातीत गेला. स्टॅंडवर एवढे आम्ही उभे होतो, आपांचा मार खाल्लेले. एकाच्याही तोंडून "जाऊ द्या तिला" निघालं नाही.

युनूसभाई ढसाढसा रडत होते. तसेच रडत त्यांनी तिच्या खांद्यावरचं दप्तर हलकेच काढून आपल्या खांद्याला लावलं, अन् तिचा हात धरून घराकडं वळले.