कोटावरचं उत्तर

शोकसभेत वाचायला बटणवाल्या वहिनींबद्दल चार ओळी लिहून द्या, असं त्यांच्या यजमानांनी मला सांगितलं. मी मान डोलावली, आणि घरी आल्यावर माझी पंचाईत झाली. मला त्यांच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. माहेर कुठलं, शिक्षण किती, आवड कशाची, काहीच नाही. इतकी वर्षं त्यांच्या दुकानात गेलो, पण बोलणं व्हायचं ते दोरा, सुई, इलास्टिक एवढंच, आणि त्यातही माझ्या वाट्याचे शब्द कमीच. मला नीट माहीत आहे ती त्यांची एक दुपार. तेवढीच लिहितो. ज्यांना अधिक ठाऊक आहे त्यांनी सांभाळून घ्यावं.

त्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. पुढे काचेचा काउंटर, आणि मागे जमिनीपासून छतापर्यंत बटणांचे लहान लहान लाकडी खण. त्यांच्या सासऱ्यांनी प्रत्येक खणावर एकेक अक्षर रंगवून ठेवलं होतं. ‘क’मध्ये शर्टाची चार भोकांची बटणं, ‘व’मध्ये पितळी, ‘र’मध्ये काळी शिंगाची. त्यामुळे त्या घरात बटणांना अक्षरानेच हाक मारायची पद्धत पडली होती. वहिनी शिडीवरून ओरडायच्या, “अहो, यांना डझनभर ‘क’ द्या! आणि ‘ठ’ला हात लावू नका, ते शिंपीदादांचे आहेत!” नवं गिऱ्हाईक आल्या पावली परत जायच्या बेतात असायचं.

वहिनींना एक थोरला भाऊ. सगळे त्यांना दादाच म्हणत. दादांना नाण्यांचा नाद. लहानपणी त्यांचा नाण्यांचा डबा उघडला की वहिनी धावत जायच्या, आणि दादा म्हणायचे, “चिमे, आधी हात धुऊन ये.” हात धुऊन आलं की, “पुसून ये.” पुसून आलं की, “आता लांबूनच बघ.” हे मला वहिनींनी नाही, त्यांच्या यजमानांनी सांगितलं. दादांचा डबा पुढे कपाट झाला, पण चिमीचा हात काही नाण्यापर्यंत पोचला नाही. साठी उलटली तरी दादा म्हणायचे, “तू बटणं बघ. तीही गोलच असतात.”

मग गावातल्या नाणेसंग्रहालयाने एक गंमत काढली. त्यांनी चांदीचं एक नाणं पाडून घेतलं, अगदी एकच, आणि त्याच्या कडेने बारीक चिन्हं कोरली. मासा, चांदणी, किल्ली, छत्री, अशी. प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अक्षर, काना, मात्रा, वेलांट्या गाळलेलं. नाण्याच्या मोठ्या चित्राचे कागद गावभर वाटले. चिन्हांमागचं वाक्य जो कोणी आधी ओळखेल आणि संग्रहालयाच्या खिडकीवर येऊन सांगेल, त्याला ते नाणं मिळणार.

दादा भिंग घेऊन बसले. वहिनींनी बटणं घेतली. काउंटरच्या काचेवर त्या चिन्हांच्या जागी बटणं मांडायच्या, काढायच्या, पुन्हा मांडायच्या. गिऱ्हाईक आलं की म्हणायच्या, “काउंटरला टेकू नका, तिथे वाक्य आहे.”

“काय गं, कुठवर आलं?” दादा येता-जाता डोकवायचे.

“तू कुठवर आलास ते सांग.”

“मी शेवटच्या शब्दांवर आहे.”

“मीही.”

आणि ते खरं होतं. ‘मला लपवू नका’ एवढं दोघांनाही सुटलं होतं. पुढची सहा चिन्हं तेवढी राहिली होती. दादांचं म्हणणं, ते ‘सांभाळून ठेवा’ असलं पाहिजे. नाण्याला दुसरं काय सांगायचं असणार? आता त्या सहांमधलं दुसरं आणि पाचवं चिन्ह एकच होतं, छत्री. दादांच्या उत्तरात तिथे दोन निरनिराळी अक्षरं येत होती, आणि ‘लपवू’मधल्या ‘व’चं चिन्हही भलत्याच जागी पडत होतं. पण दादा डगमगले नाहीत. “छपाई चुकली आहे,” ते म्हणाले. “दुपारी जातो आणि त्यांना चूक दाखवूनच नाणं घेऊन येतो.”

त्या सकाळी मी दुकानात गेलो तो या सगळ्यातलं काहीच ठाऊक नसताना. माझ्या कोटाची बटणं जुनी होऊन एकामागून एक गळाली होती. वहिनी घाऊक बाजारात गेल्या होत्या आणि काउंटरवर यजमान होते, तेही बिनचष्म्याचे, कारण चष्मा दुरुस्तीला दिलेला.

“सहा बटणं हवी होती. कोटाला,” मी म्हणालो.

“सहा ना? अहो, ही काय, हिने काढूनच ठेवलीत तुमच्यासाठी!” असं म्हणत त्यांनी काचेवर ओळीने मांडलेली सहा बटणं तळहाताने ओढून पुडीत घातली. शिडी चढावी लागली नाही म्हणून खूश होते बिचारे.

घरी येऊन पुडी उघडली. एक लाकडी, बशीएवढं. एक पितळी. एक हिरवं. एक पांढरं, बाळाच्या झबल्याला लावतात तसलं. आणि दोन काळी, तेवढी मात्र जुळी. कोणीही उठून परत गेला असता. पण परत जायचं म्हणजे ‘ही चालणार नाहीत’ असं तोंडाने म्हणायचं, आणि त्यापेक्षा मला ती शिवणं सोपं वाटलं. जुळी दोन वरती लावली, म्हणजे निदान गळ्यापाशी बरं दिसेल. बाकीची खाली, पिशवी पोटाशी धरली की झाकली जातील अशी. लाकडी बटण काजात जाईना आणि पांढरं काजात राहीना. चालायचंच.

जेवण होऊन जरा आडवा झालो होतो, तोच दारावर धडाधडा थापा. दारात वहिनी, केस विस्कटलेले, आणि त्यांच्या मागे धापा टाकणारे यजमान, हातात नाण्याच्या चित्राची गुंडाळी.

“काका, कोट!” वहिनी म्हणाल्या.

“अं?”

“कोट कुठाय तुमचा?”

मला वाटलं, बेजोड बटणांबद्दल वाईट वाटून आल्या असतील. म्हटलं, “नाही नाही, छान आहेत बटणं.”

“छान? एकाला एक जुळत नाही आणि छान? अहो, शेवटचे शब्द आहेत ते माझे! सकाळी निघता निघता सहज म्हणून बटणं ठेवली आणि एकदम जमले. तेवढ्यात बस आली, धावले. म्हटलं, परत आले की वाचीन नीट. आल्यावर बघते तर काच पुसल्यासारखी!”

“पण शब्द काय होते?” मी विचारलं.

“तेच तर आठवत नाही! जमल्याचा आनंद तेवढा आठवतोय.”

“अगं, यांनी सहा मागितली, तिथे सहाच होती,” यजमान म्हणाले.

“तुम्ही बोलूच नका. उद्या कोणी डझनभर मागितली तर पहिली ओळही विकाल!”

मी कोट आणला. वहिनी वरून खाली वाचू लागल्या, “र, र, ह, त, व, फ... काका, हे काय केलंत? ही अशी मांडली नव्हती मी!”

“जुळी वर लावली. बरी दिसतात म्हणून,” मी म्हणालो. माझे कान गरम झाले होते.

“असू दे. अक्षरं तर आहेत. घाला अंगात.”

“अंगात?”

“तोडत बसायला वेळ नाही. दादा निघालाय. घाला आणि चला!”

असा मी आयुष्यात पहिल्यांदा धावत बाहेर पडलो. पुढे वहिनी, दर चार पावलांनी वळून माझ्या छातीकडे बघणाऱ्या. मागे यजमान, कागद उलगडत आणि त्यालाच अडखळत. रस्त्यातली माणसं थांबून बघायची. एरवी मी जमिनीत गेलो असतो, पण खरं सांगतो, त्या दिवशी मला हसू यायला लागलं होतं आणि ते थांबेना.

“दोन छत्र्या म्हणजे जुळे ‘र’,” वहिनी चालता चालता म्हणत होत्या. “दुसरं आणि पाचवं. ‘व’ तर ‘लपवू’मध्येच सुटलाय, तो तिसरा. उरले ‘ह’, ‘त’, ‘फ’. ‘ह’ पहिला घेतला तर हरव... हरवत! मला लपवू नका, हरवत...”

“रफू!” यजमान मागून ओरडले. “उरलं र आणि फ. रफू! हरवत रफू!”

“नाणं कशाला रफूबद्दल बोलेल?”

“आपल्या धंद्याचं म्हणून म्हटलं.”

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर पोचलो तर आतून दादांचा आवाज ऐकू आला. खिडकीत तोंड घालून ते कारकुनाला म्हणत होते, “तुमची छत्री चुकली आहे, महाशय! साहेबांना बोलवा. मी ‘सांभाळून ठेवा’ लिहून देतो, तुम्ही छत्री दुरुस्त करा.” कारकून कंटाळून म्हणाला, “थांबा, साहेबांना विचारून येतो. त्यांनी हो म्हटलं तर नाणं तुमचं.” आणि तो उठून आत गेला.

वहिनींचा चेहरा उतरला. त्या पायरीवरच बसल्या. “झालं. आता दादा भांडून नेणार. मी जन्मभर लांबूनच बघणार.”

मला काय करावं सुचेना. कोणाला कष्टी बघितलं की माझी बोटं काही तरी चाळा शोधतात. त्यांना कोटाचं लाकडी बटण सापडलं आणि मी ते पिळत बसलो. दोरा आधीच सैल होता.

“अहो काका!” वहिनी खेकसल्या. “ते बटण फिरवत राहू नका, तुटेल!”

आणि त्या थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. मी बोट काढून घेतलं.

“फिरवत,” त्या हळूच म्हणाल्या. “फ, र, व, त. र... ह.” मग माझ्या कोटाची दोन्ही टोकं धरून त्यांनी मला गदागदा हलवलं. “फिरवत राहा! मला लपवू नका, फिरवत राहा! काका, तुमच्या पोटावर होतं हो!”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” यजमान म्हणाले, पण ऐकायला कोणी नव्हतं. वहिनी खिडकीशी पोचल्या होत्या. कारकून आतून येत होता.

“साहेब म्हणतात, छत्री बरोबर आहे,” तो दादांना म्हणाला.

“मग तुमचे साहेब चुकीचे आहेत!”

“दादा, सरक,” वहिनी म्हणाल्या, आणि खिडकीत वाकून त्यांनी वाक्य सांगितलं.

कारकुनाने एक बंद पाकीट फोडलं, आतला कागद वाचला, वहिनींकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला. “बरोबर आहे, बाई.”

त्यावर जो कोणी ‘हुर्रे’ म्हणून ओरडला, त्याचा आवाज इतका मोठा होता की आतला पहारेकरी धावत आला. तो मी होतो. माझा मलाच विश्वास बसेना.

नाणं मखमलीच्या डबीतून आलं. वहिनींनी ते डबीतून काढलं आणि सरळ मुठीत धरलं. दादा म्हणाले, “मी कधीच ओळखलं नसतं. फिरवत राहा म्हणे! नाणं फिरवतात होय?” आणि हात पुढे करून, “चिमे, बघू तरी.”

वहिनींनी मूठ पुढे केली, मग मागे घेतली. “हात धुऊन ये.”

दादा खरोखरच नळ शोधायला गेले. ते परत आले तेव्हा बहीण-भाऊ दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले की पहारेकऱ्याने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर पायरीवर बसून दादांनी ते नाणं दोन्ही हातांत धरून बघितलं. वहिनी मुळीच घाई करत नव्हत्या.

पुढे त्यांनी नाणं कपाटात ठेवलं नाही. त्यावर जे लिहिलं होतं तेच केलं. दुकानात येईल त्याला म्हणायच्या, “घरी न्या, दोन दिवस खिशात ठेवा, मग आणून द्या.” शिंप्याने नेलं, दूधवाल्याने नेलं, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नेलं. दादांचा जीव टांगणीला. रोज सकाळी दुकानात हजर. “आज कोणाकडे आहे? परत दिलं का? ओरखडा नाही ना पडला?” शेवटी येतच आहात तर शिडी तरी चढा, असं यजमानांनी सुचवलं. मग दादा वरच्या खणांवर नेमले गेले, आणि ‘ठ’ कुठे नि ‘ढ’ कुठे यावरून बहीण-भावाची रोज जुंपायला लागली. गल्लीला त्याची सवय झाली.

शेवटचा मी गेलो तेव्हा बुटाची लेस हवी होती. वहिनी काउंटरवर फिती गुंडाळत बसल्या होत्या आणि दादा शिडीवर.

“काळी की तपकिरी?” त्यांनी विचारलं.

“काळी.”

“दादा, काळी लेस. लांबवाली.” मग माझ्याकडे बघून, “नाणं आलंय परत. नेता का?”

“आज नको,” मी म्हणालो. “बाजारात जायचंय अजून.”

“बरं. मग उद्या न्या.”

“उद्या नेतो,” मी म्हणालो.