अडून बसलेली पुली आणि मामाचं मनगट

मामीने मला त्या दिवशी गॅरेजात हेर म्हणून पाठवलं. वरकरणी कारण डब्याचं होतं. खरं काम असं, की मामा काही जड उचलताना दिसला की गुपचूप बाहेर येऊन तिला फोन करायचा. भाच्याने अशा वेळी कुणाच्या बाजूने असावं हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळे मी दोघांशीही प्रामाणिक राहायचं ठरवलं, म्हणजे दोघांनाही अर्धंच सांगायचं.

मामा माझा, पण गॅरेजात तो सगळ्यांचाच मामा आहे, मालकाचासुद्धा. चोवीस वर्षं एकाच कोपऱ्यात इंजिनं खोलतोय. अंगाने असा, की शर्ट मामाने घातलाय की दोरीवर वाळतोय हे लांबून कळत नाही. एवढी वर्षं गाड्यांखाली झोपून साधा ओरखडा उठला नाही आणि आठ महिन्यांपूर्वी घरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडून उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी आत दोन स्क्रू बसवले. “आता मलाच पाना लावावा लागणार,” म्हणून तो आठवडाभर हसला. मग हसणं थांबलं. मनगट जुळलं, पण त्यातला जोर काही परत आला नाही. भरलेली बादली उचलायची तर तो डावा हात पुढे करायचा आणि आमच्याकडे बघायचं टाळायचा.

मालक माणूस चांगला, आणि तीच अडचण होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो म्हणाला, “मामा, काउंटरवर बसा. पार्ट द्या, फोन घ्या. पगार तोच.” मामीला एवढा आनंद झाला की तिने खुर्चीसाठी उशी शिवायला घेतली. मामाचा चेहरा मात्र असा, जणू जिवंत माणसाला उचलून भिंतीवरच्या फोटोत बसवतायत.

“एक काम द्या,” मी डबा घेऊन पोचलो तेव्हा तो मालकाला म्हणत होता. “सगळ्यांनी हात टेकलेलं. जमलं तर माझा कोपरा माझा. नाही जमलं तर उद्यापासून काउंटर, आणि मी परत तोंड उघडणार नाही.”

हात टेकलेलं काम लिफ्टवरच होतं. एक पांढरी गाडी, पुढचं चाक काढलेलं, आणि चाकाच्या जागेतून दिसणारी क्रँकची पुली. इंजिनाचा मुख्य दांडा जिथे बाहेर डोकावतो तिथे बसवलेलं हे जाड चाक. ते निघाल्याशिवाय त्याच्यामागचा टायमिंगचा पट्टा बदलता येत नाही, आणि मधला मोठा बोल्ट सुटल्याशिवाय ते निघत नाही. बोल्ट काही सुटत नव्हता.

त्याच्याशी सकाळपासून झुंजत होता बंदूक्या. हा गॅरेजातला तगडा मेकॅनिक. त्याच्या हातात कायम हवेवर चालणारी, नट-बोल्ट फिरवायची गन असते. लोक म्हणतात, घरी बरणीचं झाकणही तो तिनेच उघडतो.

“मामा, दोन तास झाले,” तो घाम पुसत म्हणाला. “आता गॅसची ज्योत लावतो.”

“लाव की. त्या पुलीत रबराची रिंग आहे, ती वितळेल. मग नव्या पुलीचे पैसे मागताना गाडीवाल्याला काय सांगू, तंदूर लावला होता?”

बंदूक्याने गॅसची नळी खाली ठेवली.

मामाने कशालाच हात लावला नाही. त्याची पद्धतच तशी. आधी स्टूल ओढून बसायचं आणि बघायचं. तो टॉर्च घेऊन बघत बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मालक घड्याळ बघायला लागला. माझ्या खिशात मामीचा फोन थरथरला. मी बाहेर जाऊन सांगितलं, “मामी, मामा बसलाय.”

“काउंटरवर?”

“अंदाजे तिथेच,” मी म्हटलं आणि ठेवून दिला.

परत आलो तर मामा बोल्टवर बोट ठेवून होता. “ही पिवळी रेघ बघ. कंपनीतून निघताना बोल्टवर आणि पुलीवर मिळून एकच रेघ मारलेली असते. आता बोल्टवरची रेघ पाव फेरा पुढे गेलीय.”

“म्हणजे हलला ना!” बंदूक्या खूश झाला.

“हलला. पण सुटणारा बोल्ट एकदा हलला की हलत राहतो. हा हलला आणि जास्तच घट्ट बसला. तू कुठल्या बाजूला फिरवतोयस?”

“उजवीकडे. याचे आटे उलटे ना! भिंतीवर लिहिलंय.”

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत यादी होती: कुठल्या गाडीचं काय उलटं, कुठे काय सांभाळायचं. गॅरेजात त्या यादीवर कुणी शंका घेत नाही. या कंपनीच्या नावापुढे स्पष्ट लिहिलेलं: क्रँकचा बोल्ट, उलटे आटे, उजवीकडे सुटतो. अक्षर मामाचं होतं.

“दोन तास बोल्ट आवळत होता?” मालक ओरडला. “कुणाचा हा शहाणपणा?”

बंदूक्या भिंतीकडे बोट दाखवणारच होता. कोपरा राखायला आलेल्या माणसाने त्या क्षणी खोकून गप्प बसणं सोपं होतं. मला तर वाटलं, बसावंच.

“माझा,” मामा म्हणाला. “ते जुन्या इंजिनाचं होतं. नवं इंजिन आलं, कंपनीने आटे सरळ केले. मी यादीत बदल केला नाही. पोराने माझं ऐकलं, एवढीच त्याची चूक.”

मालकाने काउंटरकडे एक नजर टाकली. ती मला दिसली. मामालाही दिसली असणार.

आता बोल्ट आधी होता त्याच्या दुप्पट घट्ट. बंदूक्या गन उलटी फिरवायला निघाला, मामाने त्याला थांबवलं. पितळेचा दांडा बोल्टच्या डोक्यावर ठेवला आणि डाव्या हाताने हातोडीचे सरळ ठोके दिले, मोजून वीस. आत चिकटलेले आटे त्याने ढिले होतात. मग पुलीच्या दोन भोकांत स्वतः बनवलेली लोखंडी पट्टी बसवली आणि तिचं टोक स्टँडवर टेकवलं, म्हणजे पुली फिरायची नाही. बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला आणि दांड्यावर चार फुटी पाइप चढवला.

“सरका, मी ओढतो,” बंदूक्या म्हणाला.

“ओढायचं नाहीये रे. लिफ्ट जरा खाली घे. अजून. बस.”

पाइपचं टोक त्याच्या खांद्याच्या उंचीला आलं. मामाने खांद्यावर फडकं टाकलं, गुडघे वाकवले, पाइपखाली खांदा घातला. मनगट फक्त पाइप घसरू नये म्हणून वर टेकवलेलं. आणि तो उभा राहायला लागला.

उभा राहायला लागला म्हणजे काय, काहीच झालं नाही. पाइप वाकला, मामाच्या मानेच्या शिरा फुगल्या, पँट थरथरली. मालक पुढे झाला. “मामा, राहू द्या.”

“उभंच तर राहतोय,” मामा दातांतून म्हणाला.

कडाड् असा आवाज झाला. मला वाटलं हाड गेलं. मालकालाही तेच वाटलं, कारण तो मामाकडे धावला, गाडीकडे नाही. पण मामा ताठ उभा होता, गेल्या आठ महिन्यांत पाहिला नव्हता इतका ताठ. पाइप वर गेला होता. बोल्ट सुटला होता!

बोल्ट निघाला, तरी पुली गंजाने दांड्याला चिकटलेलीच होती. बंदूक्या आनंदाने आकडेवाला पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, पुलीच्या कडेला लावायला धावला.

“कडेला धरून ओढलीस तर कडच हातात येईल. मधे धर. मधल्या भोकांत.” मामाने दुसरा पुलर बसवला, इंजिनाच्या दांड्याच्या तोंडावर चकती ठेवली आणि पुलरचा स्क्रू तिच्यावर पाव फेरा आवळून बाजूला झाला. “आता चहा.”

“अर्ध्यात चहा?”

“गंजालाही विचार करायला वेळ द्यावा लागतो.”

पाव फेरा, एक घोट, एक ठोका. पाव फेरा, एक घोट. तिसऱ्या पाव फेऱ्याला पुलीने ‘टक्’ केलं आणि लोण्यातून सुरी निघावी तशी घसरत बाहेर आली. मामाने ती दोन्ही हातांनी झेलली. दोन्ही! गॅरेजात टाळ्या वाजल्या. शेजारच्या टायरवाल्याने कारण माहीत नसताना शिट्टी मारली. बंदूक्याने मामाला पुलीसकट उचललं, म्हणजे एकूण वजन बहुधा पुलीचंच.

मालकाने डोकं खाजवलं. “उद्या एक गिअरबॉक्स येतोय. आठला या.”

“साडेसातला येतो.”

मामीचा फोन परत थरथरला. या वेळी मामाने माझ्या खिशातून तो ओढून घेतला. हेर पकडला गेला.

“पुली निघाली,” तो म्हणाला. “मीच काढली.”

“हात दुखतोय का?” मामीने विचारलं.

“दुखतोय.”

“खूप?”

मामाने बोटं उघडून मिटून पाहिली. तोंड कानापर्यंत पसरलं.

“अगं, मस्त दुखतोय!”