मेंढरांवरचं टिंब

पाट्या रंगवणाऱ्या काकांना सगळी गल्ली टिंबकाका म्हणायची. अनुस्वार ते गोल देतच नसत. ब्रश तिरका टेकवून हिऱ्यासारखं चौकोनी टिंब उमटवत. दुसरी खोड अशी, की रंगवलेला मजकूर ते शेवटाकडून उलटा, एकेक अक्षर तपासत. चूक चटकन सापडे, अर्थ मात्र डोक्यात शिरत नसे. त्याचंही त्यांना काही नव्हतं. अर्थ गिऱ्हाइकाचा, वळण माझं, म्हणत.

युद्धाविरुद्ध मोर्चा निघणार होता. कॉलेजातल्या एका मुलीनं घाईघाईत मजकूर खरडून दिला. काकांनी पहिल्या अक्षरावरचा राहून गेलेला अनुस्वार न मागता दिला आणि फळी हातावेगळी केली.

मोर्चा गल्लीत शिरला तेव्हा काकांची धाकटी बहीण दारात चपला घालत होती. तिचा एकुलता एक मुलगा याच युद्धात गेला. तेव्हापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. आज म्हणाली, त्याला कशासाठी पाठवलं, ते मलाही विचारायचंय. काकांना इतकं बरं वाटलं की दुकान उघडं टाकून ते तिच्याबरोबर निघाले.

आणि समोरून फळी आली. ‘मेंढरं गेली, पेट्या आल्या.’

काका थबकले. आपल्याच हातची अक्षरं ते पहिल्यांदा सरळ वाचत होते. त्यांनी त्या मुलीला गाठून विचारलं, यातली मेंढरं कोण? ती गडबडली. टोमणा पाठवणाऱ्यांना आहे काका, म्हणाली, आणि गुळमुळीत लिहिलं तर कोण बघतं? तिचं अगदीच खोटं नव्हतं. पण पाठवणाऱ्यांचा त्या फळीवर पत्ताच नव्हता. होती ती शवपेट्यांतून परतलेली पोरं, आणि ती काही उठून उत्तर देणार नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दोर काकांनी स्वतः वळून दिला होता.

बहीण अजून पहिल्या अक्षराकडेच बघत होती.

"दादा, हे टिंब तुझं ना?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"त्याच्या पाळण्यावर नाव तूच रंगवलं होतंस," ती म्हणाली. "ते तरी वाचलं होतंस का रे?"

मग ती मागे फिरली. दारात तिनं चपला काढल्या, जागेवर ठेवल्या आणि आतून कडी घातली.