खुरासकट टांगलेल्या तंगड्या

ते प्रकरण मी विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही. त्या दिवशी मी एका निर्दोष बाईच्या दाराला सील ठोकायला निघालो होतो.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाण्याचा प्रमुख होतो. तिथे एका बाईने स्पॅनिश हॉटेल काढलं. बाई गावचीच, स्पेनमध्ये सहा वर्षं हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबून परतलेली. छोट्या छोट्या बशांत पदार्थ यायचे, चौघांनी मिळून खायचे. त्याला तापास म्हणतात. गाव आधी हसलं. मग कॉलेजच्या पोरी, नर्स, शिक्षिका तिथे आपल्या आपण येऊन बसायला लागल्या आणि एका पुढाऱ्याच्या पोटात दुखू लागलं. "बाया एकट्या हॉटेलात बसतात, आपल्यात हे चालत न्हाई," असं तो मलाच सुनावून गेला होता.

एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला : "त्या हॉटेलात चोरीची मेंढरं कापून टांगलीत." अंमलदाराने स्टेशन डायरीत वेळ टाकून नोंद घेतली. दोन तासांनी तलवाड्याकडचा एक म्हातारा धनगर चालत आला. त्याची नऊ मेंढरं रात्री मेंढवाड्यातून चोरीला गेली होती. मला वाटलं, झालं, दोन्ही टोकं जुळली.

पंच घेऊन हॉटेलात गेलो. छताला खरोखरच मिठात मुरवलेल्या तंगड्या टांगल्या होत्या, खुरासकट. तिकडे डुकराच्या टांगतात, इथे ते चालणार नाही म्हणून तिने बोकडाच्या टांगल्या होत्या. तोवर पुढारी माणसं घेऊन दारात हजर. "सायेब, कावून येळ घालवताय? सील ठोका."

बाई हात जोडणाऱ्यातली नव्हती. "ठोका. पण आधी नीट बघा. मी चोरी केली न्हाई आन् मी रडणार बी न्हाई."

मी म्हाताऱ्याला पुढे बोलावलं. त्याने एकेक खूर हातात घेतला, बोटाने चाचपला आणि सरळ पुढाऱ्याकडे बघत म्हणाला, "ही शेरडं हायत. मेंढराला खुराच्या वर, फटीपाशी भोक असतंय. हितं एकालाबी न्हाई."

"म्हाताऱ्याला नीट दिसत न्हाई," पुढारी म्हणाला.

"डोळं गेलं तरी बोटं हायत की," म्हातारा म्हणाला. पंचनाम्यात मी त्याचा जबाब जसाच्या तसा घेतला.

ठाण्यात परतून डायरी उघडली आणि स्वतःच्या अकलेची लाज वाटली. फोन आधी, तक्रार नंतर. फोनचा नंबर काढला, तर तो पुढाऱ्याच्या ड्रायव्हरचा. त्याला बोलावलं, समोर चहा ठेवला. मी मारहाण करत नसे. घाबरलेला माणूस खरं नाही, सोयीचं बोलतो.

"चोरी झाल्याचं तुला कोणी सांगितलं?"

"गावात चर्चा हुती, सायेब."

"तक्रारदार तेव्हा रस्त्यात होता. चर्चा कोण करत होतं बे, मेंढरं?"

चहावर साय धरली, तसा त्याने कप बाजूला सरकवला. शेवटी पडेल आवाजात म्हणाला, "मालक म्हनले म्हनून आनली." पुढाऱ्याच्या शेतातल्या शेडमध्ये नऊच्या नऊ मेंढरं जिवंत सापडली.

गुन्ह्यात मी पुढाऱ्याचं नाव घातलं. त्याने फोनवर बदलीची धमकी दिली आणि महिन्याभरात ती खरी केली. ऑर्डर हातात पडली त्या दुपारी मी बायकोला घेऊन त्याच हॉटेलात गेलो, वर्दीवर, आणि रस्त्याकडच्या टेबलावर बसलो. ज्याला बघायचं त्याने बघावं. म्हाताऱ्यालाही निरोप धाडला होता. पहिली बशी आली तशी तो म्हणाला, "ह्ये चाखायला दिलंय का जेवायला?" पण नंतर गडी पाच बशा चापून उठला.

मी एवढंच शिकलो : खबर आली की खबर देणाऱ्याला काय हवंय ते आधी शोधावं. आणि ज्याला बदलीची भीती वाटते त्याने त्या खुर्चीत बसूच नये. मी आजही कोणासमोरही हेच म्हणेन.

सामान टेम्पोत भरून निघालो त्या सकाळी हॉटेल उघडं होतं. रस्त्याकडच्या टेबलावर दोन शिक्षिका खात बसल्या होत्या. जामिनावर सुटलेल्या पुढाऱ्याची जीप समोर येऊन थांबली, हॉर्न वाजला. त्यांच्यातल्या एकीने मान वळवली, आत बघितलं आणि आणखी एक बशी मागवली.