वळणावरची हाक

राखीव पाणथळीच्या दारात मी तिकिटं फाडते. आत होडी एकच आणि ती चालवणारे आमचे काका. माझ्या नात्यातले नव्हेत, पण त्यांना काका म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. पूर्वी आत वस्ती होती. लोक लव्हाळी कापायचे, चटया विणायचे. पाखरांसाठी जागा राखली आणि माणसं उठवली. लव्हाळ्याच्या छपराचं एक घर तेवढं ठेवलं, पाहुण्यांना दाखवायला. ते काकांचंच. स्वतःच्या चुलीपुढे उभं राहून ते “इथे स्वयंपाक व्हायचा” असं सांगतात, तेव्हा मला त्या पाहुण्यांचा उगाचच राग येतो.

लव्हाळी डोक्याच्या वर वाढलेली, पाण्याची वाट जेमतेम एका होडीपुरती. म्हणून वस्तीची रीत अशी, की वळण आलं की लांब हाक मारायची. समोरून कोणी येत असेल तर तो ओ देणार, मग आपण होडी कडेला घ्यायची. आता समोरून यायला आहे कोण? तरी काका प्रत्येक वळणावर हाक मारत, काठी रोवून थांबत, कान देत. मासे ओ देणार आहेत का, असं मी एकदा चिडवलंही. सवय गं, एवढंच म्हणाले.

एका सकाळी मात्र ओ आली. काकांनी होडी झटकन लव्हाळ्यात घातली. “दादा येतोय,” म्हणाले. त्यांचा थोरला भाऊ वस्तीतून सगळ्यांत शेवटी गेला होता. पाहुणे चुळबुळू लागले, एकाने घड्याळ दाखवलं, काका ढिम्म. पुन्हा तोच आवाज घुमला आणि लव्हाळ्यातून तपकिरी बगळा उडाला. जन्म पाण्यात काढलेल्या माणसाला बगळ्याचा आवाज कळू नये? कळला असणार. त्यांना तो कळून घ्यायचा नव्हता, असं मला वाटतं.

तक्रार झाली. हाकेने पाखरं घरट्यांवरून उठतात, आता ती बंद, असं साहेबांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं, तरी मी साहेबांशी तावातावाने भांडले. म्हातारा ही एक हाक मारण्यासाठीच रोज काठी उचलतो, ती गेली तर तो अंथरूण धरेल, अशी मला धास्ती. काका मात्र मान डोलावून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी ते पहिली फेरी मुक्यानेच करून आले. होडी बांधताना मी जवळ जाऊन विचारलं, जड गेलं का?

“नाही गं, बरं वाटलं,” ते म्हणाले. “आता मी हाकच मारत नाही, म्हणून कोणी ओ देत नाही.”