काचेच्या चंद्राचा वास

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मामांचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी फुंकण्यातच त्यांचा जन्म गेला. संशोधनशाळेला लागणाऱ्या काचेच्या नळ्या, फुगे, वेटोळी ते बर्नरच्या ज्योतीवर फुंकून घडवत आणि एकमेकांना जोडत. त्यांना सगळेच मामा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. माणूस तसा गरीब, पण ‘माझा जोड गळत नाही’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते सुरू झालं की समोरचा हळूच घड्याळ बघायचा.

दुसरा हट्ट डॉक्टरकडे न जाण्याचा. त्या वर्षी मामा वाळत चालले होते. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, पाण्याची बाटली सतत तोंडाला.

“अहो, एकदा रक्त तपासून घ्या. आईंना काय झालं होतं ते विसरलात का?” बायको म्हणायची.

विसरले नव्हते, म्हणून तर जात नव्हते. आई गेली तेव्हा मामा शाळेत शिकत होते. शेवटच्या दिवसांत तिच्या खोलीत पिकून उतरलेल्या फळांचा गोड, कुबट वास भरला होता. “फळं कुणी आणली?” असं त्यांनी विचारलंही होतं. घरात एकही फळ नव्हतं. साखर वाढून आई गेली हे पुढे मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं. पण तो वास मरणाचाच असतो, अशी पोराने आपली समजूत करून घेतली आणि ती पन्नाशी उलटली तरी तशीच राहिली.

सध्याचं काम शनीचं होतं. “शनी लोकांच्या मागे लागतो, हे शनीच्या मागे लागलेत,” असं बायको शेजारणीला सांगायची. शनीभोवती फार दूरवर चुंबकीय क्षेत्र पसरलेलं आहे आणि त्यात विजेने भारलेले कण भोवऱ्यात सापडल्यासारखे फिरत असतात. टायटन हा शनीचा सगळ्यात मोठा चंद्र बहुतेक वेळ त्याच क्षेत्रात असतो. ते कण आणि ऊन त्याच्या हवेवर आदळून तिथले वायू मोडतात, त्यांचे तुकडे भलत्याच रीतीने पुन्हा जुळतात, आणि सगळ्या चंद्राला नारिंगी धुकं वेढून राहतं. एक यान वर्षानुवर्षं तिथे घिरट्या घालून त्या हवेचा वरचा थर हुंगत होतं. ते केव्हाच शनीत पडून संपलं होतं. त्याने धाडलेले आकडे मात्र माणसं अजून सोडवत बसली होती.

त्यातल्याच एक म्हणजे मामांच्या प्रमुख, बाई. त्यांनी मामांकडून घागरीएवढा काचेचा गोळा करून घेतला, पंपाने रिकामा केला, टायटनवरचे वायू त्यात अगदी विरळ भरले आणि आत वीज सोडली. काही दिवसांत काच आतून नारिंगी झाली. गोळ्याला जोडलेलं एक यंत्र आतला एकेक पदार्थ ओळखून पडद्यावरच्या रेघेला टोकं काढायचं. सगळे त्या यंत्राला नाक म्हणत.

मामा रोज सगळ्यांच्या आधी येत आणि प्रत्येक जोडाशी तोंड नेऊन “हाऽ” करत. वाफेने काच धुरकटते, आणि केसाएवढा तडा गेला असला तरी त्यात रेघ उमटते. एका सकाळी गोळ्याच्या मानेशी त्यांनी “हाऽ” केलं आणि रेघ उमटली का हे बघायच्या आतच चटका बसल्यासारखे मागे सरले. आईच्या खोलीतला वास! काचेपलीकडे नारिंगी धुकं मंदपणे हलत होतं.

“बाई, गोळ्यातून वास येतोय,” बाई आल्या आल्या त्यांनी सांगितलं.

“शक्यच नाही, मामा. आत हवेचा दाब नसल्यातच जमा आहे. भोक पडलं तर बाहेरची हवा आत जाईल. आतलं काहीच बाहेर येणार नाही.”

“मग फळांचा वास कसला?”

“कुणाचा तरी डबा असेल.”

डबे तर सगळे मामांच्या नंतर यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जोडाजवळ गेलं की वास, दोन पावलं मागे सरलं की काही नाही. मामांची पाचावर धारण बसली. आई आली आहे, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं. ती न्यायला आली आहे की नुसती भेटायला, हे विचारायची छाती नव्हती. शेवटी एकदा जोडाला जवळजवळ ओठ लावून ते कुजबुजले, “आई?”

मागे नाकाचा पडदा चालू होता. ज्या जागी रेघ नेहमी सपाट असायची तिथे एक टोक हळूहळू वर आलं. मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते जिन्यावर जाऊन बसले आणि बाटली रिकामी होईपर्यंत पाणी पीत राहिले.

ते टोक बाईंच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. रोज सकाळी उठायचं, दुपारी मावळायचं. पदार्थ ॲसिटोन निघाला, नखांचा रंग पुसायला वापरतात तो. हा आपल्या टायटनवर तयार झाला म्हणून बाई हरखल्या आणि यानाच्या आकड्यांतही तो शोधू लागल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मग एके दिवशी मामांना सकाळी उठवेचना. कसेबसे दुपारी कामावर पोचले. त्या सकाळी टोक उठलं नव्हतं. मामांनी गोळ्याच्या मानेशी “हाऽ” केलं, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत ते उठलं.

“मामा, खरं सांगा. जोड कशाने पुसता? ॲसिटोनने?”

“अहो, तेवढं कळतं मला! हे बघा, हात मोकळे आहेत माझे.”

“मग पुन्हा फुंकर घाला.”

मामांनी घातली. टोक आणखी चढलं. बाईंनी स्वतः फुंकर घातली, तर रेघ जेमतेम हलली.

“हे गोळ्यातलं नाही, मामा,” बाई म्हणाल्या. “तुमच्या श्वासातून आत जातंय.”

मामांचा चेहरा पडला. “म्हणजे माझा जोड गळतो?”

“जोड गेला खड्ड्यात! साखर फार वाढली की श्वासात हे येतं. तहान लागते का खूप? किती वाळलात, आरशात बघितलंत का?”

मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही. “याचा वास कसा असतो?”

“गोडसर. उतरलेल्या फळांसारखा.”

मामांनी ओंजळ तोंडाशी धरून “हाऽ” केलं आणि हुंगून बघितलं. मरणाचा वास नव्हताच तो. आईचा श्वास होता, आणि आता तोच त्यांच्या छातीतून निघत होता.

बाईंनी त्यांच्या बायकोला फोन केला आणि दोघींनी त्यांना धरूनच दवाखान्यात नेलं. “आणखी आठवडाभर थांबला असतात तर इथे चालत आला नसतात,” डॉक्टर म्हणाले. बायको तिथेच रडली, घरी आल्यावर मनसोक्त भांडली, आणि इंजेक्शन द्यायला शिकली.

मामा कामावर परतले तेव्हा गोळा त्यांचीच वाट बघत होता. मानेच्या जोडाला केसाएवढा तडा होता, तो बुजवायचा होता. “आधी एकदा नाक चालू करा,” ते म्हणाले. त्यांनी तड्याशी तोंड नेऊन लांब “हाऽ” केलं. रेघ सपाट पडून राहिली.

“गेलं, मामा!” बाईंनी टाळी वाजवली.

मामांनी पुन्हा “हाऽ” केलं. मग काचेला नाक टेकवून खोल श्वास घेतला, आणखी एकदा घेतला. नुसत्या ओल्या काचेचा वास आला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“अहो मामा, काय झालं?”

“आई गेली,” मामा म्हणाले.

बाई चपापल्या. “अरेरे! कधी?”

“आत्ताच,” मामा म्हणाले, आणि डोळे पुसून त्यांनी तडा बुजवायला बर्नर पेटवला.